झुवैनानं त्याला पाठवलं

गाडी उतारावर तिरकी झाली तेव्हा झुवैना खजुराच्या बिया रुमालात बांधत होती. बिया सांडल्या, मागचा पाण्याचा कॅन दाणकन आदळला, आणि गाडी वाळूच्या डोंगरावरून घसरत तळाशी जाऊन रुतली.

"लागलं का कुठं?" खलफाननं विचारलं.

"मला नाही. तुझ्या लाडकीला लागलंय, बू राशिद."

दोघं उतरून वाकून बघू लागले. पुढचं एक चाक भलतीकडेच तोंड करून बसलं होतं. त्याचा दांडाच मोडला होता.

"फावडं काढ, वाळू उपसून नीट बघू," ती म्हणाली.

"तू घेतलंस ना?"

"मी? सकाळी गाडी तू भरलीस!"

तो कपाळावर हात मारून हसला. "म्हातारा झालो, दुसरं काय."

हसण्यासारखं काही नव्हतं. मे महिना होता. फोनला रेंज नव्हती. कॅन फुटून निम्मं पाणी वाळूनं पिऊन टाकलं होतं. आणि ते इथं आलेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. राशिद, ज्याच्या नावानं दोघं एकमेकांना हाक मारत तो एकुलता एक मुलगा, मालवाहू जहाजावर कुठल्या समुद्रात होता कोण जाणे. दुपारच्या नमाजापर्यंत तर घरी परतायचं होतं.

खलफाननं तीस वर्षं या वाळूत पाण्याचा टँकर चालवला होता. त्याचा हॉर्न ऐकला की वस्त्यांवरची पोरं भांडी घेऊन धावायची. निवृत्त झाल्यावर मात्र तो हळूहळू घराबाहेर पडेनासा झाला. म्हणून आज सकाळी तो आपणहून म्हणाला, "चल, तुला माझी झाडं दाखवतो, ज्यांच्या सावलीत मी जेवायचो," तेव्हा शाळेची सहल निघाल्यासारखी तिनं घाईघाईनं कॉफीचा थर्मास भरला. बत्तीस वर्षं मुलांना सहलीला नेलेली बाई ती. आज कुणीतरी तिला नेत होतं.

झाडं सापडलीच नाहीत. वारा वाळू हलवतो, तो म्हणाला.

दुपारभर दोघं गाडीच्या सावलीत बसून राहिले. कुणी फिरकलं नाही.

"रस्ता किती लांब आहे?" तिनं विचारलं.

"तिकडं. दोन तास, फार तर."

"मग उन्हं कलली की जा."

"वेडी आहेस का? गाडी सोडायची नाही. मी हजार लोकांना सांगितलंय."

"त्या हजार लोकांना वाळू ठाऊक नव्हती. तुला आहे. माझ्या गुडघ्यांचं लोढणं घेऊन चालायला लागलास तर दोघंही मरू."

तो हलला नाही. मग तिनं त्याला जिव्हारी लागेल असं बोलून दाखवलं. "तीस वर्षं लोकांच्या बायकांना पाणी पाजलंस. स्वतःच्या बायकोसाठी दोन तास चालवत नाही?"

तो उठला. तिनं तीन बाटल्या त्याच्या पिशवीत कोंबल्या. डोक्याचा फेटा घट्ट बांधून तो वर चढला. माथ्यावर थांबून त्यानं हाक मारली, "इथंच थांब हं, उम्म राशिद. हलू नकोस."

"कुठं जाणार मी? बाजारात?"

तो पलीकडे उतरला. दोन तास गेले, चार गेले. दिवस बुडाला, उगवला. वाऱ्यानं त्याची पावलं पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्यासाठी रडली, पण डोळ्यांतून काही आलं नाही. तो कुठंतरी पालथा पडलाय हे तिला दिसत होतं. राहायला तयार होता तो. आपण टोमणा मारून त्याला मरायला पाठवलं. झाकणभर पाणी तोंडात धरून ती देवाला विनवत राहिली, मला ने, त्याला ठेव. मग झाकणही कोरडं पडलं.

तिसऱ्या सकाळी एक पिकअप माथ्यावर उभी राहिली. चुकलेल्या उंटिणीच्या मागावर निघालेली वाळवंटातल्या भटक्यांपैकी एक बदू बाई चालवत होती. तिनं झुवैनाच्या ओठांना ओलं फडकं लावलं, घोटभर पाणी पाजलं.

"बरोबर कोणी होतं?"

"नवरा. परवा चालत गेला."

"परवा?" बाईनं वाळूकडे पाहिलं, मग नजर खाली घातली. तिनं झुवैनाचा हात घट्ट धरला. झुवैनाला कळायचं ते कळलं.

बाईनं तिला पोलीस चौकीत पोचवलं. तिथल्या तरुण पोलिसानं शोधपथकाला निरोप दिला आणि खलफानचा फोन नंबर विचारला.

"तो वाळूत पडलाय, बाळा. कुणाला फोन करतोस?"

"नियम आहे, आई." त्यानं नंबर लावून फोन स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला. घंटी वाजली.

"हॅलो, कोण?"

झुवैना उभी राहिली. खुर्ची मागं पडली. तोच आवाज. मागं टीव्ही चालू होता. ती हसत होती, रडत होती.

"बाबा, पोलीस चौकीतून बोलतोय. कुठं आहात तुम्ही?"

"घरी, इब्राला. कुठं असणार?"

"कसे पोचलात?"

"परवा एका ट्रकवाल्यानं दारात आणून सोडलं. भला माणूस. म्हणाला, रस्त्याच्या कडेला काय करताय, बाबा?"

पोलिसानं झुवैनाकडे पाहिलं. "आणि तुमची गाडी, बाबा? तुमची बायको?"

"गाडी तीच घेऊन गेलीय, सूरला, तिच्या बहिणीकडे. मीही वाटच बघतोय. तुझं तिकडं जाणं झालं तर शम्साला सांग, म्हणावं पुरे झालं, आता माझी बायको परत पाठव."

शम्साला जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या जनाज्याला खलफाननंच खांदा दिला होता.