गुडघ्यांवरचा नवस

"तुकडा पुन्हा सुटायला लागलाय." केसादा डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेचा फोटो उजेडाकडे धरला.

योरलेनीच्या लेकीच्या, फियोरेलाच्या, गुडघ्यात कूर्चेखालचा हाडाचा एक तुकडा निसटत होता. पोरीचं हाड अजून वाढतंय, आराम मिळाला तर आपसूक सांधेल, कापाकापीची गरज नाही, असं बाई म्हणाल्या होत्या. पट्टा बांधायचा. पळणं, उड्या, फुटबॉल सगळं बंद. मागच्या खेपेला तुकडा धरूही लागला होता.

पोर वर्षभर लंगडत होती, तेव्हा योरलेनीनं तिला नाटकी म्हटलं होतं. शाळा बुडवायची सोंगं आहेत, म्हणाली होती. ते आता तिला आतून जाळत होतं. म्हणून ती नेग्रिता माऊलीला, त्या काळ्या दगडातल्या देवमातेला, नवस बोलली. दर शनिवारी कार्तागोच्या देवळात ती दारापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर चालत जायची. चूक माझी आहे, मला माफ कर, असं पुटपुटायची. फियोरेला मागच्या बाकावर पाय लांब करून बसायची. नंतर दोघी चौकात एम्पानादा खायच्या, तरी आईच्या डोळ्यांचं पाणी खळायचं नाही.

स्वतःचं मन खात असलं की माणूस दुसऱ्यावर खेकसतं. माझे गुडघे सोलून निघाले आणि तू शाळेत बॉल तुडवतेस, असं योरलेनी डॉक्टरीणबाईंच्या देखतच लेकीला बोलली.

बाईंनी पट्टा सोडला. गुडघ्यावरची कातडी जाड आणि काळवंडलेली होती. दुसऱ्या गुडघ्याचीही तशीच. बॉल खेळून असं होत नाही, त्या म्हणाल्या. योरलेनीला आपले गुडघे आठवले आणि तिचा आवाज खाली आला.

"शाळा सुटल्यावर कुठे जातेस गं?"

"देवळात. पट्टा काढून ठेवते. त्यानं गुडघा वाकत नाही."

"अगं, तुझा पाय बरा व्हावा म्हणून मी जातेच आहे ना? तू कशाला?"

"मी पायासाठी नाही जात," फियोरेला म्हणाली. "तू माफी मागतेस आणि रडतच परत येतेस. मी माऊलीला सांगायला जाते, की मी तुला केव्हाच माफ केलंय."