खच!

राखणदार हसुरामने पंपांचा खटका खाली ओढला आणि तिथंच ठाण मांडलं. खाडीकाठच्या चिखलावर अंथरलेलं काळं प्लास्टिक वीतभर खाली गेलं होतं. लहानपणी अशाच चिखलात त्याची शाळा खचली होती, वर्ग भरलेला असताना. आता इथं दवाखाना होणार होता.

इंजिनीअर शाल्मली धावत आली. "काका, पंप का बंद केलेत?"

"जमीन खचतेय, बाय! मला कामावरनं काढलंस तरी पंप चालू करू देणार नाय."

ती रागावली नाही. "दही फडक्यात टांगलं की पाणी निथळून घट्ट चक्का उरतो ना? तसंच आहे हे. पंप प्लास्टिकखालची हवा ओढतात, तिच्याबरोबर चिखलातलं पाणीही निघतं. जमीन जेवढी खचायची तेवढी आत्ताच खचली, की दवाखान्याखाली खचणार नाही."

हसुराम त्या खोलगट जागेकडं बघत राहिला. मग त्यानेच खटका वर केला. पंप घुमू लागले, प्लास्टिक चिखलाला घट्ट चिकटलं.

"खच," तो जमिनीवर खेकसला. "काय खचायचं ते आत्ताच खच. माणसं आत असताना नाय."