पाय पुढे

बीडजवळच्या अग्निशमन अकादमीत सरावासाठी रुग्ण होऊन स्ट्रेचरवर निजण्याची पाळी आज शिवकन्येची होती. झोळीत झुलताना मिटावेत तसे तिचे डोळे मिटू लागले होते. पण सोबतच्या प्रशिक्षणार्थींनी स्ट्रेचर दाराशी आणताच ती धडपडून उठली.

"पाय पुढं नगा करू! माझा बाप गेला, तवा त्याला असंच नेलतं!"

वृद्ध प्रशिक्षक सोमेश्वर सर स्वतःच स्ट्रेचरवर आडवे झाले.

"उचला. शिवकन्ये, तू डोक्याशी."

त्यांचे पाय उंबरठ्याबाहेर गेले, तशी ती दारातच थांबली.

"पोरी, माझं तोंड दिसतंय का?"

"दिसतंय, सर."

"जित्या माणसाचं तोंड दिसत ऱ्हावं, म्हनूनच पाय पुढं. माझा श्वास मोजत चल."

श्वास मोजीत, स्वप्नात चालावे तशी ती उन्हात आली. इतकी वर्षे बापाचे केवळ दाराबाहेर जाणारे पायच आठवणाऱ्या तिला आज त्याचा चेहरा आठवला.