बी नसलेली झाडं

'वस्ती नाही,' असं सरकारी मोजणीदार डेल्विननं फॉर्मवर लिहिलं आणि पेन्सिल कानावर खोचली.

मिस ईडोरा त्याच्यासमोर उभी होती. वय एक्याऐंशी. एका हातात कुदळ, दुसऱ्यात गोणपाटात गुंडाळलेलं रोप. टेकडीवरच्या या बेथेल गॅप गावात जन्मलेल्यांपैकी ही चढण अजून चढू शकणारी ती एकटीच. सोमवारी खाण कंपनीची यंत्रं टेकडीवर येणार होती. इथं वस्ती असती, तर कायद्यानं ती येऊ शकली नसती.

डेल्विन खोटं लिहीत नव्हता. गुलामी संपली तेव्हा अकरा कुटुंबांनी मळेवाल्यांना नको असलेला हा उतार घेतला, घरं बांधली. पुढं त्यांची पोरं शहरात गेली, मग बोटीनं इंग्लंडला. शेवटचं घर एकावन्नच्या वादळात उडालं. आता नुसतं लाल मातीवरचं रान उरलं होतं. तेही त्यानं नोंदवलं होतं: जंगली नीरफणस, एक्केचाळीस.

"जंगली?" म्हातारी हसली. "शिकलास तरी किती रे? नीरफणसाला बी असते का?"

तो थांबला. या बेटावरच्या नीरफणसाला बी नसते. मुळाला फुटलेला कोंब कुणीतरी काढून लावतं, तेव्हाच दुसरं झाड होतं. त्यानं मान वर केली. प्रत्येक पडक्या जोत्यासमोर झाडं होती, कुठं दोन, कुठं सात. मूल जन्मलं की त्याची नाळ पुरायची आणि तिच्यावर झाड लावायचं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

पण फॉर्म पूर्वीचं विचारत नाही, असं त्यानं नरमाईनं सांगितलं. आज इथलं कोण आहे, एवढंच विचारतो.

"तुझी नाळ कुठं आहे, बाबा?"

"पोर्टलँड परगण्यात. आजीच्या परसात, माडाखाली."

"राहतोस कुठं?"

"किंग्स्टनला. जन्मापासून."

"आणि कुठला रे तू, असं कुणी विचारलं, तर काय सांगतोस?"

"पोर्टलँडचा," डेल्विनच्या तोंडून निघालं.

तिनं कुदळ त्याच्या हातात दिली. कंबर साथ देत नाही, म्हणाली. त्यानं खड्डा खणला. तिनं एप्रनच्या खिशातून पावडरीची छोटी डबी काढली. डबीवर अजून इंग्लंडचं टपाल तिकीट चिकटलेलं होतं. आत बोटाच्या पेराएवढी वाळकी नाळ होती, बर्मिंगहॅमहून नातीनं पाठवलेली, आपल्या तान्ह्याची. ईडोरानं ती मातीत ठेवली, वर गोणपाटातला, स्वतःच्याच झाडाचा कोंब लावला आणि टाचेनं माती दाबली.

डेल्विननं हात पँटला पुसले. कानावरची पेन्सिल काढून 'नाही' खोडलं.

"बाळाचं नाव काय?" त्यानं विचारलं.