घाटातला गरम वारा

दाजीपूर मागे पडलं तसं धोंडूने गियरशेजारचं बटण फिरवलं आणि गाडीत गरम हवा सोडली. पौषातली थंडी, पहाटेचं धुकं, बोटं नुसती बधिर झालेली. गोवा मोकळा झाला त्या वर्षी मालकाने तिकडून ही लहानशी परदेशी गाडी आणली होती. इंजिन मागे, आणि त्याच्याच धगीवर तापलेली हवा नळ्यांतून आत यायची. मालवणात ह्या सोयीला कोण विचारतो? आज मात्र ती देवासारखी धावून आली, असं धोंडूला वाटलं.

मागच्या सीटवर गुणाजी तांडेल दुलईत गुंडाळून बसले होते. कानटोपी भुवयांपर्यंत, मफलर नाकापर्यंत, डोकं बायकोच्या, चंद्रावतीकाकीच्या खांद्यावर. महिनाभर कोल्हापूरच्या दवाखान्यात काढून म्हातारा घरी निघाला होता. धोंडू चहा घेऊन परत येतो तोवर काकीच्या भावाने त्यांना उचलून बसवलंही होतं. राहिलेलं उरकायला भाऊ दवाखान्यातच थांबला.

मालक मुळात गाडी द्यायलाच तयार नव्हता. आजारी माणसाचं काय खरं, वाटेत काही बरंवाईट झालं तर ती गाडी परत माझ्या दारात आणू नकोस, असं त्याने बजावलं होतं. धोंडूच्या पोटात काही राहत नाही. कोल्हापुरात पोचल्या पोचल्या त्याने ते काकीला सांगून टाकलं होतं. काकीने त्याला आधी चहा घ्यायला पाठवलं होतं.

आता ती म्हणाली, "धोंडू, ता गरम बंद कर. ह्येंका उष्मो सोसना नाय."

आजारी माणसाला ऊब नको म्हणे! म्हाताऱ्या माणसांचं एकेक अजबच. पण तिचं मन मोडायला नको म्हणून त्याने बटण उलटं फिरवलं. ते नुसतंच गरगरलं. हवा येतच राहिली, आणि त्या हवेला कसलासा जळका वास येऊ लागला. थोड्या वेळाने धोंडूचं डोकं जड झालं. रस्त्याकडेचा मैलाचा दगड त्याला दोन दोन दिसला, तेव्हा मात्र तो चरकला. त्याने काचा खाली केल्या आणि एका झऱ्यापाशी गाडी उभी केली.

काकी तोंड धुवायला उतरली. धोंडू मागच्या बाजूने गाडीखाली शिरला. बटणाची तार तुटलेली, हवेची झडप उघडीच अडकलेली. आणि तिच्या बाजूला धुराच्या नळीचा सांधा फुटला होता. सगळीकडे काजळी. इंजिनाचा धूर गरम हवेबरोबर सरळ आत जात होता.

कुडाळच्या मिस्त्रीने त्याला एकदा बजावलं होतं, की ही नळी फुटली तर काचा लावलेल्या गाडीत निजलेला माणूस पुन्हा उठत नाही. त्याला कळतसुद्धा नाही.

धोंडूने झडप तारेने बांधली, हवेच्या नळीच्या तोंडात ओलं गोणपाट कोंबलं. मग लगबगीने आत वाकून पाहिलं. तांडेलांचा हात दुलईबाहेर घसरला होता. तो आत सारायला म्हणून धोंडूने हातात घेतला. एवढ्या उष्म्यात हात थंडगार. त्याने मफलर खाली करून नाकाशी बोट धरलं. श्वास नव्हता.

धोंडूची पाचावर धारण बसली. लहानपणी तो खाडीत बुडत होता, तेव्हा ह्याच हाताने त्याला केसाला धरून वर काढलं होतं. आणि त्याने काय केलं? आपल्या बोटांना ऊब हवी म्हणून ह्या माणसाला धूर पाजला.

काकी येताना दिसली तसा त्याने मफलर वर केला.

"काका निजले आसत," तो म्हणाला.

"निजांदेत," काकी म्हणाली. "तू चल."

तिने दुलई नीट खोचली आणि ते डोकं पुन्हा खांद्यावर घेतलं. आरशात ते बघवेना, म्हणून धोंडूने आरसा तिरका केला. घाट उतरताना त्याला पुढचं सगळं दिसत होतं. पोलीस, कोर्ट, तुरुंग. घरी बायको आणि दोन पोरं. बायकोला कोण विचारणार? गावात तोंड कसं दाखवणार? फोंड्याच्या बाजारात शिरल्यावर त्याने धीर करून विचारलं, की इथे डॉक्टर आहे, काकांना दाखवून घेऊ या का? काकी ठाम नाही म्हणाली. आता कुठे थांबायचं नाही, घरीच जायचं. त्या उत्तराने त्याला हायसं वाटलं, आणि मग स्वतःचीच किळस आली.

कणकवली गेली. आचऱ्याजवळ समुद्राचा वारा लागला तेव्हा त्याला राहवेना. एका पुलाशी गाडी थांबवून तो वळला.

"काकी, काका आता नाय आसत गो. माझ्या गाडीच्या धुरान गेले. माका घाटातच कळला, पण तुका सांगूक धीर झालो नाय."

काकीचा बांध फुटला, पहाटेपासून पहिल्यांदाच. रडता रडता तिने पुढे वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझो कणभर दोष नाय, पोरा. घराक चल."

केवढं मन ह्या बाईचं, असं म्हणत धोंडू स्टेअरिंगवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसून निघाला. काहीही होवो, पोलिसांपुढे स्वतःच जायचं, असं त्याने ठरवलं होतं.

तांडेलांच्या घराशी गाडी वळली तर अंगण माणसांनी भरलेलं. तुळशीपाशी हिरव्या बांबूची तिरडी बांधून तयार होती. तांडेलांचा पुतण्या परशुराम पुढे आला, त्याने गाडीचं दार उघडलं आणि धोंडूला हात जोडले.

"काकीच्या भावाची तार काल तिनसांजाच गावली," तो म्हणाला. "रातभर तुमची वाट बघतव."