जुळेल त्याचंच नाव

मिहिर इनामदारनं नळीत थुंकून झाकण आवळलं, चिठ्ठीवर नाव टाकलं आणि दुसरी नळी फरहान इनामदारच्या हातात दिली.

लातूरच्या एकाच क्लासवर दोघं शिकवायचे. मिहिर बायोलॉजी, फरहान फिजिक्स. मिहिर शिरूर अनंतपाळचा, फरहान लोह्याचा. एकाच्या घरी देवघर, दुसऱ्याच्या घरी नमाज, आडनाव मात्र एकच. दोघांचा मूळपुरुष एकच, असं मिहिर छातीठोक सांगायचा. वंशावळीचे जुने कागद त्र्याण्णवच्या भूकंपात गेलेले. मिहिरही त्याच भूकंपातलं लेकरू. वडील, रेणुकादास मास्तर, तेव्हा किल्लारीकडं नोकरीला. त्याचा जन्मदाखलासुद्धा दोन वर्षांनी निघाला. कागद गेले तर गेले, डीएनए कुठं जातंय, असं तो वर्गात पोरांना हसत सांगायचा.

आता कुलसंमेलनासाठी नवी वंशावळ काढायचं ठरलं. फरहानचं नाव घ्यायला भावकीतल्या श्रीनाथरावांनी नाक मुरडलं. मिहिर भर बैठकीत उठला.

"तुम्ही थुंका, फरहान थुंकंल, मी पण थुंकतो. जुळेल त्याचंच नाव लिहायचं. नाही जुळलं त्याचं खोडायचं. मग तो कुणी का असंना."

अण्णा, म्हणजे मास्तर, पानाला चुना लावत होते, ते लावतच राहिले.

मिहिरनं डीएनए तपासणीचे पाच किट मागवले. एक अण्णांसाठी, पण अण्णा म्हणाले, तू थुंकतोयस ना, मग मला म्हाताऱ्याला कशाला? थुंकायच्या आधी अर्धा तास चहापाणी बंद, ते सांभाळून सकाळच्या बॅचआधी दोघांनी उरकलं. श्रीनाथरावांची नळी आलेलीच होती. पार्सल करून कुरिअरला टाकायचं काम अण्णांनी घेतलं. उठल्या उठल्या चहा लागणारा माणूस, पण त्या दिवशी म्हणाले, पित्त झालंय. आईनं कप तसाच परत नेला.

दोन दिवसांनी धाकटी बहीण इरा नांदेडहून आली. तिलाही थुंकायचं होतं. आडनावाची रेघ बाप-लेकातूनच चालते, तुझा काय उपयोग, म्हणून मिहिरनं तिला उडवून लावलं.

"नसंना उपयोग. मी इनामदार न्हाई का, दादा?"

दोन किट उरले असतील असं त्याला वाटत होतं, कपाटात एकच निघालं. ते ती घेऊन गेली आणि नांदेडवरूनच पाठवून दिलं.

रिपोर्ट आले. श्रीनाथराव, फरहान, मिहिर, तिघंही जुळले. संमेलनात फ्लेक्सवर मिहिर आणि फरहानची नावं शेजारी-शेजारी. श्रीनाथरावांनी स्वतः फरहानला टिळा लावायला हात उचलला, मग आठवलं तसा हार घातला. लई हशा झाला. अण्णांनी लागोपाठ तीन चहा घेतले.

तेवढ्यात इरा मोबाईल घेऊन आली.

"दादा, माझा पण आला. पण या लोकांनी काहीतरी घोळ घातलाय, बघ."

मिहिरनं हसत मोबाईल घेतला. इराच्या पानावर जुळणारं पहिलंच नाव होतं मिहिर रेणुकादास इनामदार. त्याच्यापुढं नातं लिहिलं होतं: वडील.