कंबरेपर्यंतचा फोटो

तिसरं बटण पुन्हा वेगळंच निघालं. काचेवरचं उलटं चित्र शार्दूलने स्क्रीनवर सुलटं केलं आणि मालविकाला हाक मारली. सकाळपासून कोट तोच होता, घड्याळाची साखळी तीच होती. बटणं सगळी काळी, आणि तिसरं तेवढं कुठून तरी आणून लावलेलं, पांढरं. कोटातली माणसं मात्र दर काचेवर वेगळी.

सव्वाशे वर्षांपूर्वी सोन्याच्या मागे लागून अर्धं जग कॅनडातल्या क्लोंडाइककडे धावलं, तेव्हा यॉर्कशायरचा एक हॉलिंगवर्थ कॅमेरा घेऊन गेला होता. सगळे चिखल उपसत होते, हा चिखलात तंबू ठोकून फोटो काढत होता. त्याच्या काचेच्या निगेटिव्ह फिरत फिरत लीड्सच्या एका आर्काइव्हमध्ये आल्या होत्या. त्या स्कॅन करायचं तात्पुरतं काम शार्दूलकडे होतं, आणि लीड्समध्येच जन्मलेली मालविका त्याची वरिष्ठ होती.

"स्टुडिओचा कोट आहे तो," मालविका वाकून बघत म्हणाली. "ज्यांना सोनं नाही मिळाला, ते पण घालणार. हातात नगेट बघ, सोन्याचा गोळा. शिशाचा आहे, वर गोल्ड पेंट."

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय! शार्दूलला हसू आलं. मग त्याने चित्र खाली सरकवलं आणि हसू तिथेच राहिलं. कोटाच्या खाली गुडघ्यावर फाटलेली विजार होती. पायांना गोणपाट गुंडाळलेलं होतं.

"प्रिंट हॉलिंगवर्थ कंबरेपर्यंत कापायचा," मालविका म्हणाली. "घरी तेवढाच जायचा. काचेवर सगळं राहिलं, बट काच कोण बघतंय? घरचे लोक एकदम हॅपी असेल, ना?"

शार्दूलने मान हलवली. ते घरचे लोक कसे असतात हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. नागपूरहून तो शिकायला आला, डिग्री मिळाली, पण कायमची नोकरी काही मिळाली नाही. दोन वर्षांचा व्हिसा आता संपत आला होता. घरी मात्र तो मोठ्या कंपनीत होता. दर रविवारी घरी व्हिडिओ कॉल करायचा, तर रूममेट वेदचा ब्लेझर अंगात चढवायचा आणि पांढऱ्या भिंतीपुढे उभं राहायचं. खाली पायजमा. बाबा तो कॉल शेजाऱ्यांनाही दाखवायचे. आईसुद्धा त्याच्यासाठी नटून बसायची, जांभळी साडी, खांद्यावर शाल, मागे दिवाणखान्याचे नवे निळे पडदे. तिला तशी बसलेली पाहिली की त्याला स्वतःची लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. आपलं खोटं निदान तिला सुखात ठेवतंय, असं वाटायचं.

पण त्या दिवशी गोणपाटातले पाय काही केल्या डोळ्यांपुढून हटेनात. त्या माणसाची आईही शिशाचा तो गोळा बघून निश्चिंत झोपली असेल. आणि हा? हा कुठल्या चिखलात गेला, कुणाला माहीत. पुरे झालं हे उसनं अवसान, शार्दूलने ठरवलं. या रविवारी सगळं सांगून टाकायचं. सांगायचं की आई, मी हरलो, परत येतो.

रविवारी त्याने सवयीने ब्लेझर घातला. आधी दोन शब्द नीट बोलू, मग काढू, असं त्याने स्वतःला बजावलं. फोन बाबांनी धरला होता. नेहमी तेच धरायचे.

"कसा आहेस बाबू? जेवलास?" आईने विचारलं. जांभळी साडी, शाल, निळे पडदे. गेल्या रविवारीही हीच साडी होती. त्याच्या आधीही हीच. खांद्यावरची पिनसुद्धा त्याच जागी. आठवडाभर दुसऱ्यांचे कोट तपासून तयार झालेली नजर, तिला आता थांबवणार कोण?

"आई, मला तुला काहीतरी सांगायचं आहे."

"सांग ना," आई म्हणाली आणि तिला खोकला आला. तिला सावरायला बाबा पुढे झाले आणि त्यांच्या हातातला फोन कलला.

क्षणभरच कलला. साडी साडी नव्हतीच, नुसता पदर होता. त्याच्याखाली हिरवा गाऊन होता, मनगटाला चिकटपट्टीने लावलेली नळी होती, पलंगाला लोखंडी कठडा होता. निळा पडदा कुठल्याही खिडकीचा नव्हता. तो पलंगाभोवती गोल फिरला होता.

बाबांनी घाईघाईने फोन सरळ केला. आई पुन्हा कंबरेपर्यंत दिसू लागली, छान, हसरी.

"काय सांगत होतास?"

कंबरेखालचं आपण पाहिलं हे तिला कळता कामा नये, एवढंच शार्दूलला सुचलं. त्याने ब्लेझरचं बटण लावलं.

"काही नाही गं. ऑफिसात छान चाललंय. पडदे मस्त दिसताहेत."

"हो ना? बाबांनीच आणले."

दोघंही हसली. बाबा कुठे दिसत नव्हते, पण चित्र एकसारखं थरथरत होतं. आई जराशी पुढे वाकली.

"बाबू, एक सांगू? त्या कोटाच्या बाह्या मोठ्या होतात रे तुला. पहिल्या दिवसापासून होतात. ज्याचा असेल त्याला देऊन टाक, आणि ये. आता उशीर नको करू."